सगळ्यांना गेलेला टेस्ट मेसेज

"अरे मेल्या, टाइप करताना एक जागा जास्त सुटली तर एवढं रडायला काय झालं तुला!" संघमित्रा कॉम्प्युटरवर खेकसली, आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. यार्डातून प्रिंट न्यायला आलेला मिथुन होता.

"बरोबरच्या चिन्हाशेजारी जागा चालत नाही त्याला," तो म्हणाला. "चौकोनी कंसात मात्र हवीच."

"आणि 'इफ' बंद करायला 'फाय'? उलटं? कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

"शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला सोडलेले हुकूम, मॅडम. लाडीगोडीनं घ्यावं लागतं."

"तुम्हाला बरी जमते लाडीगोडी!"

द्रोणागिरीच्या गोदामातली ती पहिली भेट. दोन महिन्यांत 'मॅडम'ची 'मित्रा' झाली. आणि आज, चेन्नईच्या ऑफिसला बदलीवर जाणार की नाही, हे मिथुनला पाचपर्यंत मॅनेजर सुचिता मॅडमना कळवायचं होतं. काल त्यानं विचारलं, "जाऊ?" तर ही बया म्हणाली, "जा की! मला काय?" तेव्हापासून तिच्याच जिवाला नुसता घोर.

साडेचार झाले. चहा निवला. बसवेना, उठवेना... स्क्रिप्टमधून मराठी मेसेज फोनवर नीट उमटतो का, ते दर दोन मिनिटांनी पाठवून तपासायचं होतं. टेस्टला लोक 'हॅलो' लिहितात. हिनं लिहिलं — 'मिथुन, जाऊ नकोस ना.' मेसेज जाणार होता तिच्या एकटीच्याच फोनवर! पण सकाळी सगळ्यांना सुट्टीचा निरोप धाडताना नावाच्या जागी टाकलेली '*' ही चांदणी तिनं बदललीच नव्हती. आणि शेलच्या भाषेत चांदणी म्हणजे झाडून सगळे.

टिंग... टिंग... टिंग... अख्खं ऑफिस वाजलं. सुचिता मॅडमनी चष्मा वर केला. गेटवरून जोतीरामकाकांचा फोन, "पोरी, आमी पन हेच म्हनतो!" कुठं तोंड लपवू, असं झालं तिला.

मिथुन धापा टाकत आला, हातात हेल्मेट.

"चूक झाली," ती पुटपुटली.

"कुठली? लिहिलं ती, की पाठवलं ती?"

"पाठवलं ती..." तिचे डोळे भरले. "लिहिलंय ते खरंय. नको ना जाऊस."

"मग काल 'जा की' कशाला म्हणालीस? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"मला वाटलं, तू आपणहून थांबशील..."

"वेडी!" तो सुचिता मॅडमकडे वळला. "मॅडम, चेन्नईला मी नाही जात."

"ते कळलं रे," सुचिता मॅडम म्हणाल्या. "आधी ती स्क्रिप्ट थांबवा. तिसऱ्यांदा आला मेसेज!"

संघमित्रा की-बोर्डकडे झेपावली. मिथुननं हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब ना... अजून एकदा येऊ दे."