रेघेवरचं बोट

रविवारच्या कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डबा मिटायचा, ही नायमेखन या डच शहरातल्या आमच्या घराची शिस्त. रूलोफसाहेबांनाही एकच दिलं. ते आले होते माझ्या फेन्नाचा अ‍ॅम्प्लिफायर बघायला. पसंत पडला तर सोमवारपासून त्यांच्या कार्यशाळेत तिला जागा. नाही पडला तर माझ्या मासळीच्या गाड्यावर हेरिंग साफ करणं तिच्या नशिबी.

मी चार यत्ता शिकलेली. पण पोरीनं काय केलंय ते मला कळतं, कारण तिला समजावता येतं. एकच मॉसफेट ट्रान्झिस्टर, नखाएवढा. बारीक आवाज आत घाला, थोराड होऊन बाहेर येतो. खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्यांना सारखं वाढलं, की मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर रेघ सपाट. फार वर गेलं की ती घसरतेच. पण किती उशिरा घसरते त्यात करणारीची जात दिसते. फेन्नाची रेघ वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ जायची.

त्या दिवशी अर्ध्यातच खचली.

"मोजायच्या तारेचा खटका विसरलीस," रूलोफ हसले. "सगळेच विसरतात. भार तारेचा, आणि शिव्या ट्रान्झिस्टरला."

"सगळ्यांत माझी मुलगी मोडत नाही," मी म्हटलं.

खटका बरोबर होता. फेन्नानं ट्रान्झिस्टर बदलला. रेघ तशीच.

मग तिनं आत जाणाऱ्या तारेजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. रेघ आणखी खचली. बोट मागे घेतलं, पूर्वीच्या जागी आली.

"अंगसुद्धा वीज साठवतं, आई. मघापासून जेवढी घसरलीय ना, ती बरोब्बर एका बोटाची घसरण आहे."

"कुणाच्या?"

आम्ही तिघांनी हात वर केले, पोलिसांनी धरल्यासारखे. रेघ हलली नाही.

खिडकीत ऊन होतं. बाहेरून सायकली जात होत्या. फेन्ना वाकून तारेच्या कडेकडेनं बोट सरकवत गेली. एका जागी आल्यावर रेघ आणखी खचेचना.

"इथं आधीच कुणीतरी आहे," ती हळूच म्हणाली.

तिचं बोट पांढरंफटक पडलं होतं. दुसरी कुणी असती तर किंचाळून पळाली असती. माझी लेक पडद्याकडे बघत होती.

रूलोफांनी कप खाली ठेवला. "पुढच्या रविवारी बघू या का?"

"पुढच्या कशाला?" मी उठले. मासळीबाजारात ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हटलं, "कोण असशील तो अस. माझ्या पोरीच्या कामावरून बोट काढ!"

रेघ वर चढली. हळूहळू.

सपाट झाली.

मग रूलोफांनी फेन्नाचा हात हातात घेतला. "सोमवारी ये," एवढंच म्हणाले.

फेन्ना हसली. ती हसली की शेजारचा कुत्रा भुंकतो, असलं टिपेचं हसणं. आज नुसता खालचा सूर आला. वरचा दाबून धरल्यासारखा.

मी तिच्या गळ्याकडे पाहिलं.

मधोमध बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता. ती श्वास घेत होती, तरी तो वर येत नव्हता.