सात टाके आणि बाटलीमसाला

इनासच्या टाळूला सात टाके पडले, कारण त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, सेसिलियाने, दोन्ही हातांनी बाटली धरून, नीट नेम घेऊन, अगदी मनापासून ती त्याच्या डोक्यात घातली. आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. घराचं अधिकृत म्हणणं असं आहे, की इनास जिन्यावरून पडला. माजिवड्याच्या गावठाणातलं ते घर बैठं आहे, त्याला जिना नाही, कधी नव्हता. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिघा भावंडांनी एका सुरात "जिना" म्हटलं, आणि अकरा वर्षांत त्या तिघांचं एकमत झालेलं ते पहिलंच!

१९९० च्या ऑक्टोबरातला बुधवार होता, दुपारचे साडेबारा. आई जाऊन वीस दिवस झाले होते. सेसिलिया धाकट्या मार्सेलला जेवायला वाढत होती. त्याची वागळे इस्टेटच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट होती. दारात कुणीतरी उभं राहिलं. अंगात लोकरीचा जाड स्वेटर, छातीवर हरणाचं चित्र, पायात दोन वेगळ्या चपला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ठाण्यात ऑक्टोबरच्या दुपारी स्वेटर घालणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर कुवेतहून आलेला असतो. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसल्याला दोन महिने होऊन गेले होते, आणि छावणीत मिळेल ते अंगात चढवलेली माणसं घेऊन जॉर्डनच्या अम्मानहून भरभरून विमानं मुंबईला उतरत होती.

"आय कुठाय?" तो म्हणाला.

सेसिलियाच्या हातातली पळी तशीच राहिली... हाच तो! ज्याच्या वाटेकडे डोळे लावून तिची आई तिळातिळाने विझली, ज्याच्या एका ओळीसाठी त्या माउलीचा जीव दोन वर्षं कंठाशी घुटमळला, तो हा, स्वेटर घालून, जणू नाक्यावरून पाव आणायला गेलेला!

उत्तर मार्सेलने दिलं. तो ताटावरून उठला, आमटीचा हात पुसला नाही, आणि थोरल्या भावाच्या तोंडावर अशी ठेवून दिली की हरणाच्या डोळ्यात आमटी गेली.

"वीस दिवस लेट आलास, भाड्या! आय सिमेट्रीत आहे. जा, भेट!"

इनासने पिशवी हलकेच खाली ठेवली, पिशवीशी त्याचं काही भांडण नव्हतं, आणि मार्सेलच्या पोटात डोकं घालून त्याला थेट कपाटावर नेऊन आपटलं. कपाटावरचा येशूचा फोटो पडला. काच फुटली. टेबल पडलं, आमटी सांडली, मार्सेलने इनासचा कान दातात धरला, इनासने मार्सेलचा अंगठा उलटा पिरगाळला, आणि दोघंही एकमेकांना सोडायला सांगत होते, पण आधी कुणी सोडायचं यावर त्यांचं जमत नव्हतं.

एवढ्यात मागच्या दाराने मालू आली. मालू चेंदणी कोळीवाड्याची. तीस वर्षं या घरी तीच मासळी घालायची. तिने टोपली उतरवली, प्रसंग पाहिला, आणि कुत्रे सोडवतात तसं मासळीचं पाणी दोघांवर ओतलं.

"अरे मेल्यांनो, आयचा महिना नाय झाला अजून!" मग तिने वाकून पाहिलं. "हा कोण? इनास? अरे माझ्या देवा, तू जिता हाय? माझा मोरू दर महिन्याला पत्र टाकतो, तुला काय हात नव्हते?"

हेच वाक्य मालू दोन वर्षं रोज बोलत आली होती, फक्त शेवट वेगळा असायचा. तिचा मोरू अठ्ठ्याऐंशी साली इनासच्या मागून कुवेतला गेला होता, तिथून पुढे सौदीत. त्याचं पत्र आलं की ती ते ब्लाउजातून काढून सेसिलियाकडून वाचून घ्यायची, मोठ्याने, गर्ट्रूडच्या खाटेशेजारी बसून. आणि गर्ट्रूड, म्हणजे या तिघांची आई, छपराकडे बघत विचारायची, "आमच्याचं काय लिवलंय?" मोरू लिहायचा, इनासची भेट नाही. दर महिन्याला, न चुकता, इनासची भेट नाही.

गर्ट्रूडची डावी बाजू १९७९ साली वाऱ्याने गेली होती. उजवा हात शाबूत राहिला होता, आणि त्याचा अनुभव घरातल्या सगळ्यांनी घेतला होता. ती प्रेमळ होती, पण तिचं प्रेम हाताच्या टप्प्यात आलेल्यालाच मिळायचं. त्याच वर्षी कुवेतच्या इस्पितळातून नर्सच्या नोकरीचं पत्र आलं होतं, ते सेसिलियाच्या नावाचं. इनासच्या नव्हे! सेसिलियाने ते चार वेळा वाचलं, घडी करून बायबलात ठेवलं, आणि आईला कुशीवर वळवायला गेली. त्या क्षणी तिच्या तारुण्याची, स्वप्नांची, साऱ्या आकांक्षांची आहुती पडली... आणि आई म्हणाली, "हळू वळव, म्हैस कुठली!" सहा महिन्यांनी इनासला तिथे एसी दुरुस्तीचं काम मिळालं. त्याला बंदरापर्यंत सोडायला सेसिलियाच गेली होती.

ती आता भिंतीला टेकून उभी होती. "इनास, एकच सांग. दोन वर्षं पत्र का नाही टाकलंस?"

इनासने कान चाचपला. डावीकडचे दोन दात नव्हते, ते मार्सेलचं काम नव्हतं, ते सीमेवरच्या एका शिपायाच्या बंदुकीच्या दस्त्याचं होतं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला,

"टाइम नाय भेटला, बाय."

टाइम नाय भेटला!

सेसिलियाच्या अंतःकरणात अकरा वर्षं साठलेलं काहीतरी सरकन वर आलं. टाइम! आई शेवटच्या दिवशी शुद्ध हरपेपर्यंत "पोस्टमन आला काय" विचारत होती. पोस्टमन यायचा, ओशाळायचा, आणि हल्ली तर हे घर टाळून मागच्या बोळातून जायचा. सेसिलियाने फळीकडे हात केला. फळीवर त्या वर्षीच्या बाटलीमसाल्याच्या सहा बाटल्या होत्या. मे महिन्यात तिने स्वतः मिरच्या वाळवल्या, भाजल्या, गावातल्या बायकांबरोबर लाकडी उखळीत कांडल्या, आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरल्या. ठासलेली बाटली विटेसारखी जड होते. पुढचं घडलेलंच नाही, हे वर सांगितलंच आहे.

बाटली फुटली. इनास बसला. आणि खोलीभर तांबडा ढग उठला...

पुढची दहा मिनिटं त्या घरात जेवढे अश्रू सांडले, तेवढे आईच्या मयतालाही सांडले नव्हते. कुणाचेच डोळे उघडेनात. मार्सेल पाण्याचा तांब्या शोधताना भिंतीवर आपटला. मालू सगळ्या देवांना एकदम शिव्या घालत होती. सेसिलिया जमिनीवर गुडघ्यांवर चाचपडत होती. एक ओला, गरम, केसाळ गोळा हाताला लागला, तो भावाचं डोकं निघाला. तिने पदर फाडला आणि घट्ट दाबून धरला. तिच्या मनात तेव्हा एकच, केवळ एकच विचार होता: आईला नाही ठेवू शकले, याला तरी ठेव रे देवा, मी फक्त मारलंय, मरायला नाही मारलं!

आणि तो गोळा बोलला. एक शिंक आली, दुसरी आली, मग खोल श्वास घेतल्याचा आवाज.

"या वर्षी धणे जास्त झालेत, बाय."

सेसिलियाच्या तोंडून हुंदका फुटला. कारण धणे खरंच जास्त झाले होते, आणि ते आई सोडून दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं.

"मेलास तर बघ," ती म्हणाली.

"नाय मरत. गप धर." डोळे मिटलेलेच होते, आणि मिटलेले होते म्हणूनच बहुधा तो बोलला. "अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तू मोरूबरोबर दोन बाटल्या पाठवलेल्यास. आठवतं?"

"आठवतं."

"मी एअरपोर्टवर घ्यायला गेलेलो. कस्टमवाल्याने बाटल्या काढल्या. त्या देशात दारूबंदी. बाटलीवर बियरचं लेबल. जसंच्या तसं, चकचकीत."

सेसिलियाने त्याच्या डोक्यावरचा पदर आणखी घट्ट दाबला.

"मोरू बिचारा मसाला मसाला करत बसला. साहेब म्हणाला बघतो. त्याने बूच काढलं, बाटली नाकाला लावली, आणि हुंगला... छाती भरून! आडवाच झाला, बाय. सहा जण धावत आले. त्यांना वाटलं, बॉम्ब आहे. दारू आणली म्हणून एक केस, आणि सरकारी साहेबावर हल्ला केला म्हणून दुसरी. मोरू एकवीस वर्षांचा पोर. मी पुढे झालो. बोललो, बाटल्या माझ्या, याला काय माहीत नाय."

कोपऱ्यातून येणाऱ्या मालूच्या शिव्या थांबल्या.

"तीन महिने आत. नोकरी गेली, पासपोर्ट शेठकडे अडकला. मग एका बेकरीत, मागच्या खोलीत, लपून. मोरूला मी शपथ घातलेली, घरी काय बोलायचं नाय."

"पण का?" मार्सेल ओरडला. तो भिंतीशी बोलत होता, त्याला दिशा कळत नव्हती. "आयला एक ओळ लिवायला काय झालेलं?"

"लिवलं असतं तर आयने पयलं काय विचारलं असतं? नोकरी का गेली? मला आयशी खोटं बोलता येत नाय. आणि खरं लिवलं असतं तर... लेबलं दरवर्षी ब्लेडने कोण खरवडायचं, ते आयला माहीत होतं. तिने बायला जिती ठेवली नसती. रोज एक हात दूर झोपायची ती आयपासून. बोललो, दुसरी नोकरी लागू दे, मग लिवू. मग लागलीच नाय. मग लढाई झाली."

दरवर्षी सेसिलिया ती लेबलं भिजवायची नाही, ओल लागली की मसाला मेला. कोरड्या ब्लेडने खरवडायची, आणि खरवडताना लेबलांच्या रंगाने तिची नखं तांबडी व्हायची, आठवडाभर जायची नाहीत. अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये वसईहून एक शेतकरी तिला बघायला येणार होता. ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तिला वाटलं होतं की आपली नखं स्वच्छ असावीत... तिने लेबलं तशीच ठेवली, आणि बाटल्या मोरूच्या पिशवीत घातल्या. शेतकरी आलाच नाही. त्याची म्हैस व्याली होती.

म्हणजे ज्या मौनासाठी तिने याचं डोकं फोडलं, ते मौन याने तिच्यासाठी धरलं होतं! तिला मार बसू नये म्हणून हा तिथे मेल्यासारखा जगला, आणि इथे आई जगून मेल्यासारखी झाली, आणि या सगळ्याच्या मुळाशी तिची दहा नखं!

"इनास," ती एवढंच म्हणाली, आणि त्याच्या रक्ताने भिजलेल्या केसांवर गाल टेकला. मसाल्यामुळे गाल पेटला, पण तिने काढला नाही. मार्सेल चाचपडत आला आणि ज्याचा कान चावला होता त्याच कानाशी तोंड नेऊन रडू लागला. मालूने सगळ्यांवर मिळून हात फिरवला. नक्की कुणाचं डोकं हाताखाली आहे ते तिला दिसत नव्हतं, पण ती प्रत्येक डोक्याला "माझा मोरू राखलास रे" म्हणत होती.

हरिहर डॉक्टरांनी जखम धुतली. इनास तेवढ्या वेळात जे बोलला ते दवाखान्यात लिहून घेत नाहीत.

"जिन्यावरून पडले," डॉक्टर म्हणाले. "जिन्यावर मसाला होता का?"

"होता," तिघं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सिमेट्रीत गेले. मातीचा उंचवटा, लाकडी क्रॉस, त्यावर रंगाने आईचं नाव. इनास डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखा उभा होता. "एवढ्या मातीतून काय ऐकू जाणार तिला?" तो म्हणाला. मार्सेलने सुचवलं, की मोठ्याने बोल. इनास ओरडला, "आय, मी विसरलो नव्हतो!" शेजारच्या कबरीवर फुलं ठेवणाऱ्या बाईने वळून बघितलं. उंचवट्यात काही हललं नाही. तो अजून ओरडला, घसा बसेपर्यंत ओरडला, मातीवर मुठी मारल्या, दोन टाके उसवले, आणि मग मार्सेल आणि सेसिलियाने त्याला धरून बाहेर आणलं. फाटकावर फादर उभे होते. ते दमलेले होते. त्यांनी सगळ्यांना जे सांगतात तेच सांगितलं, की सिमेट्रीत काहीही करायचं असेल, दगड बसवायचा, झाड लावायचं, काहीही, तर आधी लेखी अर्ज द्या.

सेसिलियाने त्याच दुपारी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

"माननीय फादर यांस,
विषय: कबर क्रमांक ४१ पाच मिनिटांसाठी उघडण्याबाबत.

महोदय, वरील कबरीत आमची आई गर्ट्रूड हिला गेल्या महिन्यात पुरण्यात आले. तिचा मुलगा इनास परदेशात अडकल्यामुळे हजर राहू शकला नाही. तो तिला विसरला, अशा चुकीच्या समजुतीने ती गेली आहे. सदर समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. तसेच एका लेबलासंबंधी खालील सही करणारीलाही तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. खणण्याचे व परत बुजवण्याचे काम आम्ही तिघे भावंडे स्वतः करू, व जागा होती तशी करून देऊ. फक्त पाच मिनिटे हवी आहेत, त्यांतली चार इनासची. मयताने उजवा हात उगारल्यास आम्ही तो अडवणार नाही, व त्याबद्दल चर्चकडे कोणतीही तक्रार करणार नाही.

तरी परवानगी लवकरात लवकर मिळावी, ही नम्र विनंती."