सोबत कोण?

गप्पा हाणतोय म्हणाल. पण सांगलीचा भरतेश असा माणूस, की समोर भूत उभं राहिलं तर आधी त्याचं आधारकार्ड मागेल.

साताऱ्याच्या एका दवाखान्याची वेबसाइट तो विश्रामबागेतल्या घरी बसून बनवत होता. साध्या माणसाला ती जमते का, हे बघायला त्यानं आईलाच, चंदनबालाला, लॅपटॉपपुढं बसवलं. स्क्रीनवर जे होईल ते आवाजासकट रेकॉर्ड होणार. नियम एकच: शेजारच्यानं चकार शब्द काढायचा नाही. माणूस कुठं अडतो तेच तर बघायचं असतं.

"दुखणं काहीबी खोटं घाल गं," एवढं सांगून तो गप्प बसला.

आईनं एका बोटानं लिहिलं, 'छातीत दुखतंय. चार दिवस झाले.'

काय झकास नमुना दिला, म्हणून गडी मनात खूश.

फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात ती अडली. 'सोबत कोण येणार?' माउसचा बाण तिथंच घुटमळला.

"इथं कुणाला घालू रं, भरतेश?"

भरतेश नियमाला जागला.

"बोल की रं."

नाहीच. शेवटी ती उठली. जैनाचा नेम, दिवस मावळायच्या आत जेवायचं. जन्मात तिनं ते चुकवलं नव्हतं. ती उठताच भरतेशनं रेकॉर्डिंग बंद केलं नि वहीत टिपलं: अकरा मिनिटं चार सेकंद. शेवटचा रकाना कळत नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली. छातीनंच.

महिन्यानं एका दुपारी, निव्वळ तिचा आवाज ऐकायला, त्यानं ते रेकॉर्डिंग लावलं. बारा मिनिटं चाललं. खुर्ची सरकली, पावलं लांब गेली, तरी बाण घुटमळतच होता.

"आवं, तवा नीट बघितलं नसंल तुमी," बायको सन्मती म्हणाली. त्यानं वही पुढं केली.

दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटं. फाइलची तारीख तीच. आत कुठंतरी ताट ठेवल्याचा आवाज.

तिसऱ्या दिवशी सतरा. पावलं परत आली. खुर्ची सरकली. जिना चढून आल्यासारखा श्वास.

"बोल की रं."

या खेपेला भरतेशनं नियम मोडला.

"माझं नाव घाल, आई."

बाण थांबला.

रकान्यात एका बोटाच्या चालीनं अक्षरं उमटली. भ. र. ते. श.

"बरं," ती निवांत म्हणाली. "आवर मग. दिवस मावळायच्या आत पोचायचं हाय."

सन्मती चहा घेऊन आली, तेव्हा भिंतीवरचं ऊन उतरत होतं. भरतेश दारात चपला घालत होता. एक हात छातीवर.