सशाची जागा

ही गोष्ट खरी आहे. माझे थोरले साडू दत्तराव यांच्या बाबतीत घडलेली. दत्तराव एरवी थापा मारतात, हे मला मान्य आहे. पण ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली; स्वतःहून ते ती कधी काढत नाहीत. फार खोदून विचारलं तर पानाला चुना लावत बसतात. म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास आहे.

साल १९७४. पौष महिना. ताडकळसचं शिवार. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

पालमहून दत्तराव सासुरवाडीला आले होते. सोबत बिजली, त्यांची कारवानी कुत्री. उंच, हाडकुळी, वाऱ्याला मागं टाकणारी. आदल्या रात्री पंगतीत त्यांनी जाहीर केलं, "उद्या सशाचा रस्सा!"

त्यांची बायको कडूबाई वाढता वाढता म्हणाली, "मसाला वाटू, का वांगी आणून ठिवू?"

सगळी पंगत हसली, मीही हसलो. जावयाची अब्रू पणाला लागली.

दुसऱ्या दिवशी ते मेव्हण्याला, सटवाजीला घेऊन निघाले. ज्वारी पुरुषभर उंच उभी. बाभळीखाली ससा उठला. बिजली सुटली. दोघंही ज्वारीत दिसेनासे झाले.

उठलेला ससा कितीही पळो, गोल फिरून उठल्या जागी येतो. म्हणून शिकारी त्या जागेच्या बाजूला उभा राहतो.

बाजूला.

पण दत्तराव जावई. सासुरवाडीत उभं राहायची सवय नव्हती. सशाच्या अंगानं गवतात खळगा पडला होता, अजून ऊबदार. ते त्यात बसले. पटका काढून शेजारी ठेवला.

"दाजी, तितं बसू नगा."

"का रं? अंडी हायत का?"

"कुत्री बसल्याल्याला उठवती, दाजी."

"तू जा पल्याडच्या बांधाला. मला शिकवू नगंस."

सटवाजी गेला.

थोड्या वेळानं पाखरं गप्प झाली.

मग ज्वारीत आवाज आला... पंजांचा. आणि धापेचा.

दत्तराव सावरून बसले. आता ससा येणार. आवाज डावीकडून उजवीकडे गेला. मागून फिरला. पुन्हा डावीकडे आला.

ससा आला नाही.

आणि ज्वारीचं एक पानही हलत नव्हतं.

"बिजले!"

धाप थांबली नाही. घेर मात्र लहान झाला. अजून लहान झाला...

मग मानेवर ऊन श्वास लागला.

दत्तराव उठले आणि पळाले.

तोंडाला पाती कापत होती. मागं पंजे. रान संपलं, समोर बाभूळ आली. खाली खळगा होता, शेजारी त्यांचाच पटका.

ते उलट्या दिशेला पळाले.

बाभूळ. खळगा. पटका.

तिसऱ्यांदाही तेच.

शिकारीत लय मजा असते, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. ती पुढं पळणाऱ्यालाही येते का, हे कधी विचारलं नव्हतं.

चौथ्यांदा ते पळाले नाहीत. ते जागीच उभे राहिले.

धापही थांबली... अगदी पाठीशी.

त्यांनी एक पाऊल टाकलं, हळू. काही झालं नाही. दुसरं टाकलं. असं एकेक पाऊल टाकत ते रानाबाहेर आले.

सटवाजी बांधावर बिडी ओढत होता. पायाशी ससा पडलेला. बिजलीची दोरी त्याच्या हातात.

"कुटं गेल्ते दाजी? कवापासून हाका मारायलोय."

"बिजली... कवा आली?"

"तवाच की. ससा घिऊन. तवापासून हितंच बांधलीय."

बिजलीनं मान वर केली. दत्तरावांकडं पाहिलं. कान टवकारले, अंग आकसलं... सशावर सुटण्याआधी आकसायचं तसं.

सटवाजीनं दोरीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

त्या रात्री रस्सा झाला. मीही खाल्ला, चांगला होता. दत्तरावांनी वांगं मागितलं. कडूबाई त्या दिवशी हसली नाही. बिजलीला त्यांनी सासुरवाडीलाच ठेवलं.

तेव्हापासून दत्तराव पळत नाहीत. पाऊस येवो, बैल उधळो, ते आपले चालतात.

मागच्या दिवाळीत आम्ही पालमच्या स्टँडवर होतो. कडूबाई आत बसली आणि एसटी हलली. ती खिडकीतून ओरडली, "आवं, पळा की!"

दत्तरावांनी दोन पावलं झपझप टाकली... आणि खांबासारखे थांबले.

एसटी बायकोला घेऊन गेली.

स्टँडवर एकही कुत्रं नव्हतं. मी नीट पाहिलं. धुरळा उडाला होता, त्यात काही ऐकू आलं का, ते मी सांगणार नाही.

माझीही तीच एसटी होती. मीही पळालो नाही.