फणसाच्या दाराची तपासणी-वही

पान १

नाव : मन्सूर सोलकर, शिरगाव, रत्नागिरी.
काम : कॅरॅव्हॅनचं दार, एक नग.
अनुभव : सतरा वर्षं, दोहा. पत्र्याच्या केबिनांना दारं बसवणं.

नाव आणि अनुभव आधी लिहायची सवय तिकडची. आमचा सुपरवायझर म्हणायचा, दार चुकलं तर माणूस सापडला पाहिजे.

कॅरॅव्हॅन जुनी घेतली आहे, जीपमागे ओढायची. आत दोन माणसांचा पलंग, एक शेगडी, एक खिडकी. नसीमाला आणि मला दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जायचं आहे. लग्नानंतर आम्ही दोघं कुठंच गेलो नाही. लग्नाच्या चौथ्या महिन्यात मी विमानात बसलो.

गाडी बरी आहे, दार वाईट. वरून गुळगुळीत, आत थर्मोकोलचे तुकडे. खालची पट्टी कुजलेली. बंद केलं तरी चारी बाजूंनी ऊन आत येतं. असलं दार दुरुस्त करत नाहीत, नवं करतात.

सांगाडा कशाचा करायचा, यावर नसीमा म्हणाली की माळ्यावर जुन्या स्वयंपाकघराचं दार पडलंय, फणसाचं, ते घ्या. मी म्हटलं, ॲल्युमिनियम हलकं पडेल.

"तेच घ्या," ती म्हणाली. "तुमचा फोन पाच मिनिटांत कट व्हायचा. उरलेलं मी त्या दाराला सांगायची."

मी फणसाचं दार चिरलं. पिवळाधमक सांगाडा, बाहेरून फायबरचा पत्रा, आत फोम ठासून, कडेला रबराची पट्टी दुहेरी.

दुहेरी पट्टी पाहून तिनं हटकलं. दाराखाली बोटभर फट हवी, दमट हवा जायला; आपल्याकडचा कुठलाही सुतार ठेवतो.

"झाराचे अब्बा, इथं वाळू नाय उडत."

मी ऐकलं नाही. वाळूच्या देशात शिकलेला हात आहे.

पान २ : कागद

वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढायची. सहज निघाली तर रबर सैल. सोळा जागी ओढली, सोळा जागी फाटली.
पास.

पान ३ : पाणी

नसीमानं पाइप धरला. दारावर दहा मिनिटं, माझ्यावर दोन. आत थेंब नाही.
पास.

पान ४ : बॅटरी

खिडकीवर गोधडी टांगून मी आत अंधारात बसलो. नसीमा बाहेरून कडेकडेनं बॅटरी फिरवणार, आत उजेडाची रेघ दिसते का ते मी बघणार. दुपारचे साडेतीन. बाहेर कुंपणाच्या गडग्याजवळ कोंबड्या होत्या, रस्त्यावर रिक्षा. दार ओढलं आणि सगळं बंद झालं. दोह्यातसुद्धा इतकं घट्ट दार माझ्या हातून झालं नव्हतं.

रेघ नाही. केसाएवढीही नाही.

मग नसीमा बोलली. अगदी जवळून, दारालाच ओठ लावून बोलावं तशी.

"आज झाराचा पहिला दात पडला. कौलावर टाकायला गेली, तर दोनदा खाली आला, तिसऱ्यांदा वर राहिला. तुम्ही असतात तर एकदाच टाकला असतात."

मी हसलो आणि दार उघडलं. ती दहा हात लांब, गडग्यावर बसली होती. बॅटरी केव्हाच फिरवून झाली, म्हणाली. दाताचं का सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, कसला दात?

आमच्या लेकीला, झाराला, चिपळूणला फोन लावला. ती तिथं शाळेत शिकवते. तिला दात चांगला आठवत होता. कौलं, तीन वेळा टाकणं, अम्मीचं हसणं, सगळं. नसीमानं फोन कानाला लावून ऐकलं आणि म्हणाली, असेल.

उजेड : पास.

पान ५ : बॅटरी, पुन्हा

उजेडाची तपासणी दोनदा करायची गरज नव्हती. मला ऐकायचं होतं.

या वेळी तिची सासू, म्हणजे माझी आई, तापात होती आणि नसीमा दाराला सांगत होती की अम्मी तुमच्या नावानं मलाच हाक मारतात, आणि मी ओ देते.

आवाज पंचविशीतल्या बाईचा होता. मी तो त्या वयात फक्त फोनवर ऐकला होता, खरखरीतून.

बाहेर येऊन विचारलं. तिला आईचा ताप आठवत होता. ओ दिलेली आठवत नव्हती.

पान ६

फाडलं.

पान ७ : खात्री

मी सरळ माणूस आहे, अंदाजावर चालत नाही. आत जाण्याआधी नसीमाला विचारलं की मी पहिल्या सुट्टीवर आलो त्या दिवसाचं तुला काय आठवतं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "तुम्ही रिक्षातून उतरलात आणि झारा माझ्यामागे लपली. म्हणाली, अम्मी, हा माणूस फोटोत होता. मी तुमच्यासमोर हसले, आत जाऊन रडले."

मी आत गेलो, दार ओढलं. दारानं तेच सांगितलं, रडण्यासकट.

बाहेर आलो. नसीमा तांदूळ निवडत होती. तोच प्रश्न विचारला.

"पहिल्या सुट्टीला?" ती म्हणाली. "मी घरी होते का तेव्हा?"

मी पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दात, ओ देणं, रिक्षा. फाडलेल्या पानाचंही सांगितलं. त्या दिवशी मला संशय आलेला होता, तरी मी आत गेलो होतो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग सूप उचलून घरात गेली. रात्री मला माशाचा मधला तुकडा वाढला, नेहमीसारखा.

पान ८ : भोक

सकाळी दाराच्या खालच्या कडेला ड्रिलनं भोक पाडलं. बोटभर. सुतार ठेवतात तेवढं. दार लावून आत बसलो. कोंबड्या ऐकू आल्या, रिक्षा ऐकू आली. नसीमा ऐकू आली नाही.

नापास. हवं होतं तसं.

पान ९

दुपारी जेवून उठलो तर ती घरात नव्हती. कॅरॅव्हॅनचं दार बंद. भोकात आतून ओल्या फडक्याचा बोळा.

दार वाजवलं. हाका मारल्या. वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे लाल, चेहरा खूश.

"तुमचं पण उरलेलं होतं की," ती म्हणाली. "पहिल्या ईदला बाथरूमचा नळ सोडून रडलात. इतकी वर्षं मला म्हणत आलात, मजेत होतो."

मला हो म्हणायचं होतं.

कुठलं बाथरूम?

मग तिनं माझा हात धरला. फिटंफाट, असं काही ती म्हणाली नाही. पण पुन्हा आत जायला मी तिला अडवलं नाही.

पान १०

आता ती रोज दुपारी आत जाते. बाहेर आली की आम्ही पायरीवर चहा घेऊन बसतो. ती मला माझं सांगते : एका खोलीत आठ जण, पलंगाखालची पेटी, पेटीत तिचा रुमाल. मी तिला तिचं सांगतो. आम्ही खूप हसतो. तिची वर्षं माझ्याकडे आहेत, माझी तिच्याकडे. इतकं आम्ही कधीच बोललो नव्हतो.

वेंगुर्ल्याचं राहूनच गेलं आहे.

पान ११

आज झाराचा फोन. कुठल्या तरी फॉर्मवर लिहायचं आहे, अब्बा, तुम्ही तिकडं किती वर्षं होतात?

थांब म्हटलं, वही बघतो.

पान १. सतरा वर्षं, दोहा.

अक्षर माझंच आहे.

दोहा म्हणजे कुठं, ते नसीमाला विचारायला आलोय. ती आत आहे. मी मघापासून वाजवतोय. दार फार चांगलं झालंय. बाहेरचं आत काही ऐकू जात नाही.