पाच पिवळ्या रेघा

"बाबांनी नट आवळले नव्हते असं सगळे म्हणतात," मुलगी म्हणाली. "वाईट एवढंच, की शेवटी बाबाही तेच म्हणायला लागले होते."

गुप्तहेर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मामांनी मात्र वही उघडली. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या मामांच्या डोक्यात लिहून घेतल्याशिवाय काही शिरत नसे.

हकीगत अशी होती. मुलीचे वडील एका कार शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं मेकॅनिक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सर्व्हिस केलेल्या एका गाडीचं पुढचं डावं चाक थोड्याच अंतरावर खडखडायला लागलं. चालवणाऱ्याने लगेच गाडी थांबवली, कुणाला इजा झाली नाही. पण नंतर तपासलं तेव्हा त्या चाकाचे पाचही नट हाताने फिरत होते. मास्तरांना घरी बसवलं. तीन आठवड्यांनी ते झोपेतच गेले.

"गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरायचा. सहीसुद्धा मनगट टेकवून करायचे. कामावर कळू दिलं नव्हतं. त्यांना वाटलं, हातामागोमाग आता डोकंही चाललं. ते विसरले होते की नव्हते, एवढंच मला हवंय."

तिथे त्यांच्या जवळचं कोण होतं, असं बाईंनी विचारलं.

"पट्टशिष्य." हा शब्द तिने चिमटीत धरून बाजूला ठेवावा तसा उच्चारला. "बारा वर्षं. रविवारीसुद्धा बाबा त्यालाच घेऊन इंजिन उघडून बसायचे. आम्हाला उरलेसुरले बाबा मिळायचे."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरने फोटो टेबलावर मांडले. गाडी ओढून आणल्यावर, कुणी हात लावायच्या आत, विमा कंपनीसाठी काढलेले चार चाकांचे चार फोटो.

त्याने पद्धत समजावली. नट टॉर्क पान्याने आवळायचा. पुरेसा आवळला गेला की पाना टक् करतो. मग नटावरून रिमवर उतरेल अशी रंगाची रेघ ओढायची, म्हणजे नट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग ठरलेला. मास्तरांचा पिवळा.

"आणि इथे पाचही रेघा अखंड आहेत, मॅडम. म्हणजे नट नंतर कुणी सैल केलेले नाहीत. मास्तरांनी न आवळताच रेघा ओढल्या. वय झालं होतं."

खोदून विचारल्यावर त्याने दोन गोष्टी कबूल केल्या. जेवणाच्या सुट्टीत गाडी धुवायच्या जागेपाशी अर्धा तास उभी होती. आणि गिऱ्हाईक घाईत असल्यामुळे, एरवी न चुकणारी चाचणीची फेरी त्या दिवशी झाली नव्हती.

मामा फोटोंवर वाकले होते. "तीन चाकांवर रेघा कशा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेला. चौथ्यावर, या पुढच्या डाव्यावर, मात्र सूर्य काढलाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चौथा फोटो पुन्हा उचलला.

खाली वर्कशॉपमध्ये आधी भेटली ती आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेली मुलगी. सगळे तिला मास्तरांची लाडकी म्हणत, आणि प्रेमाने म्हणत नसत. मुठीला काळी टेप गुंडाळलेला मास्तरांचा टॉर्क पाना आता तिच्याकडे होता. त्या सुट्टीत ती कोपऱ्यात एकटीच जेवत होती. सोबत बसायला कुणी बोलावत नाही, असं तिने तक्रारीशिवाय सांगितलं. समोरच्या चाकावर तिने मनगट टेकवलं आणि प्रत्येक नटावरून सरळ खाली पांढरी रेघ सोडली.

"असं मास्तरांनीच शिकवलं," ती म्हणाली.

पट्टशिष्य चाळिशीचा, अदबीने बोलणारा. मास्तर आपल्याला वडिलांच्या जागी होते, म्हणाला. सुट्टीत आपण एक चक्कर मारायला बाहेर गेलो होतो, एकटेच. बोलता बोलता तो चाकाच्या मध्यापासून बाहेर एकेक हिरवी रेघ ओढत होता.

"त्यांचं बघून बघूनच शिकलो. रेघसुद्धा त्यांच्यासारखीच ओढतो." मग हसून म्हणाला, "नशीब लागतं हो. काही महिन्यांतच तिला त्यांचा पाना मिळाला. मी बारा वर्षं नुसता पुसून ठेवत होतो."

संध्याकाळी सगळे मॅनेजरच्या खोलीत जमले. मास्तरांची मुलगीही आली.

"इथे मास्तरांकडून शिकलेले हे दोघंच, आणि रेघेबद्दल दोघंही खरं बोलले," बाई म्हणाल्या. "तरी दोघांच्या रेघा वेगळ्या. का? कारण गेल्या वर्षी मास्तरांचा हात थरथरायला लागला. मध्यापासून बाहेर रेघ ओढायची तर हात चहूकडे वळवावा लागतो. ते त्यांना जमेना. मग ते मनगट टेकवून रेघ खाली सोडायला लागले. सगळ्या एकाच दिशेला. लाडकी नंतर आली, ती तेच शिकली. तीन चाकांवर तशाच रेघा आहेत."

"आणि सूर्य?" मामांनी विचारलं.

"नट सैल केले की रेघा तुटतात. मग त्या पुसून नव्या ओढाव्या लागतात, पिवळ्याच. ओढणाऱ्याने मास्तरांची नक्कल अगदी हुबेहूब केली. फक्त ती जुन्या मास्तरांची होती. लाडकीला ते मास्तर माहीतच नव्हते."

"तिने मुद्दाम याच्यावर ढकलायला तशा ओढल्या असतील तर?"

"मामा, ढकलायचं असतं तर ती हे फोटो घेऊन स्वतःच बोलली असती. दोन महिने गप्प का बसेल?" बाई पट्टशिष्याकडे वळल्या. "त्यांनी पाना दुसरीला दिला आणि तुम्ही त्यांच्या हाताकडे बघणं सोडलंत. थोडं जरी बघितलं असतं, तरी रेघ बरोबर आली असती."



"चाचणीच्या फेरीत सापडेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "दहा पावलांत आवाज आला असता. चार लोकांत त्यांना एकदा बोलणी बसावीत, एवढंच. तिच्यासमोर." मग मास्तरांच्या मुलीला म्हणाला, "ताई, रोज वाटायचं की सांगावं. आणि मग ते गेलेच."

लाडकीने काळ्या टेपचा पाना टेबलावर ठेवला, जणू तो तिला जड झाला होता.

"तो तुमच्याकडेच राहू दे," मास्तरांची मुलगी तिला म्हणाली. मग पट्टशिष्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करत बोलली. "मी बाबांना विचारलं होतं, पाना त्याला का नाही दिला म्हणून. ते म्हणाले, त्याला आता पाना लागत नाही, नट किती आवळला ते त्याच्या हातालाच कळतं. हे मला आधीपासून माहीत होतं. तुम्हाला कळवावंसं कधी वाटलं नाही. माझ्याबद्दल ते असं काही बोलले नव्हते."

त्याने तोंड ओंजळीत झाकलं. तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

टेबलावर चार फोटो तसेच पडले होते. तिने सूर्य काढलेला फोटो वेगळा करून मॅनेजरपुढे सरकवला.

"हा तुम्हाला लागेल," ती म्हणाली. "बाकीचे तीन मी नेऊ का?"