चौथ्या खोलीचं दार

बसा, बसा. लगेच उठू नका. फासे पिशवीत भरलेत, कागद गुंडाळलेत, आणि खेळातली तुमची चार माणसं कुठे सोडलीत? भुयारात. दार बंद, दिवा विझत आलेला. "उरलेलं शनिवारी" म्हणालात की निघालात चपला शोधायला. माझ्या घरात हा खेळ असा अर्धा टाकायचा नाही. नात हसते मला, हसू दे. दहा मिनिटं ऐका, मग जा.

माझा एक भाचा आहे. पस्तिशीचा, बोलका, कुणाच्याही पोटात शिरून गोष्ट काढून आणणारा. तो पॉडकास्ट चालवतो. तुम्ही खेळता तसे हे तोंडी खेळ जी माणसं स्वतः रचतात ना, कंपनीबिंपनीसाठी नाही, घरच्या घरी, तीस-चाळीस प्रती छापून सुईदोऱ्याने शिवणारी, त्यांच्या मुलाखती घेतो. मी जन्मभर रेडिओवर ध्वनिमुद्रण केलं, म्हणून आवाज साफ करायचं काम माझ्या गळ्यात. खोकले काढा, पंख्याची घरघर काढा. तोंडभर "थँक्यू मामा" मिळतं.

त्याची एक पद्धत होती. मुलाखत संपली की पाहुण्याचाच खेळ पाहुण्याबरोबर वीस मिनिटं खेळायचा आणि ऐन रंगात आला की थांबायचा. "पुढचं तुम्ही घरी खेळा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकणारे चडफडायचे आणि खेळ मागवायचे. तेवीस भाग असे झाले.

चोविसाव्या पाहुण्या म्हणजे एक बाई. साठीच्या. सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून एकच खेळ रचला होता, पण त्या कुणाला मुलाखत देत नसत. भाच्याने सहा पत्रं लिहिली तेव्हा कुठे हो म्हणाल्या. अट एक. खेळ सुरू केला तर माणसाला बाहेर काढूनच उठायचं. तोंडाने म्हणायचं, मी बाहेर पडलो. भाचा हो म्हणाला. मुलाखत मिळवायची असली की तो कशालाही हो म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. पावणेसातला तो पोचला. त्याची पाच वर्षांची मुलगी त्या दिवशी शाळेत पडली होती, हनुवटीला तीन टाके. तिने एकच मागितलं होतं, बाबा झोपायच्या आधी ये. नऊच्या आत येतो, असा शब्द देऊन हा निघाला होता.

मुलाखत छान झाली. मग खेळ. या खेळात राजा, चेटकीण असलं काही नाही. तुम्ही म्हणजे तुम्हीच. चार खोल्यांचं घर, त्यातून बाहेर पडायचं. तुम्ही बोलाल तसा बाई चौकोनांच्या कागदावर नकाशा काढत जातात आणि तुम्ही जिथे असाल तिथे पेन्सिलचा ठिपका देतात. नियम एकच. जे तोंडाने म्हटलं ते झालं, जे म्हटलं नाही ते झालं नाही.

तिसऱ्या खोलीत बाई म्हणाल्या, "इथे खुर्चीवर एक माणूस बसलाय. पाठमोरा. एक बूट पायात, एक हातात. त्याला बाहेर जायचंय. बरोबर न्याल का?"

भाच्याची नजर घड्याळावर. "त्याचं बघू नंतर," म्हणाला, आणि चौथ्या खोलीत शिरला. तिथे समोर दार. बंद. आता उघडायचं, तर हा माइकशी वाकला आणि सवयीने म्हणाला, "पुढचं तुम्ही घरी खेळा."

बाईंची पेन्सिल थांबली.

"असं नाही उठायचं," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं मी तुम्हाला."

"अहो, ते ऐकणाऱ्यांसाठी असतं."

"असू दे. तुम्ही म्हणा ना."

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा. मुलगी रडत होती. याने वायरी गुंडाळल्या, बॅग खांद्याला मारली, येतो म्हणाला आणि निघाला. म्हणायचं ते राहिलं. बाई दारापर्यंत आल्या नाहीत.

आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती. बाईंच्या दाराचा रंग हिरवा. चौकटीला एक खिळा, खिळ्याला कापडी पिशवी. हे त्याला पक्कं आठवतं, का ते ऐका.

तो तीन मजले उतरला. समोर रस्त्याचं फाटक हवं होतं. समोर हिरवं दार होतं. खिळा. पिशवी.

त्याला वाटलं, घाईत मजला चुकला. तसाच आणखी उतरला. अठरा पायऱ्या, वळण, अठरा पायऱ्या.

हिरवं दार.

मग वर चढून पाहिलं. वरही तेच. जिन्याला कुठे खिडकी नाही, झरोका नाही. येताना होती, असं तो शपथेवर सांगतो. घरी फोन लावला. लागला, उचलला, पण पलीकडे कुणी बोलेना. नुसती कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज…

आठ चाळीस.

त्याने दार वाजवलं. आधी बोटाने, मग मुठीने. आतून एक आवाज आला. बाईंचा नव्हे. त्याचा स्वतःचा. हसरा, माइकवरचा.

"पुढचं तुम्ही घरी खेळा."

पोरांनो, हा घाबरट माणूस नाही. पण तो मला म्हणाला, मामा, तेव्हा मी पायरीवर बसलो आणि मुलीचं नाव घेऊन रडलो.

रडता रडता त्याचं लक्ष बॅगेकडे गेलं. आत लाल दिवा. रेकॉर्डर बंद करायचाच राहिला होता. का कोण जाणे, त्याने हेडफोन कानाला लावले.

आधी खोलीची शांतता. आम्हा आवाजवाल्यांना ती ओळखू येते. रिकाम्या खोलीची वेगळी, माणसं बसलेल्या खोलीची वेगळी. ही दुसरी होती.

मग बाई.

"चौथी खोली. दार बंद. काय करता?"

आठ चोपन्न.

"दार उघडतो," भाचा म्हणाला. जिन्यात. एकटा.

पेन्सिल घासली.

"उघडलं. मागचा माणूस उठलाय. आता तुमच्या पाठीशी उभा आहे…"

भाच्याने मागे पाहिलं नाही.

"बरोबर न्याल का?"

त्याच्या मानेला वारा लागला. एवढासा. थांबून थांबून… श्वास घेतात ना, तसा.

"की एकटेच?"

…

"एकटाच," भाचा म्हणाला. "मी एकटा बाहेर पडलो."

खाली फाटक धाडकन वाजलं. समोर तळमजला, दिवे, स्कूटर. तो पळत सुटला. घरी पोचला तेव्हा नऊ वीस झाले होते. मुलगी झोपली होती, हनुवटीची पट्टी वर करून.

तो रात्रीच माझ्याकडे आला. रेकॉर्डरचं कार्ड वाटेतच पुसून टाकलं होतं. मी फार बोललो त्याला. आवाजाच्या माणसाने आवाज पुसायचा नसतो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गेलो. पळताना हेडफोन जिन्यातच पडले होते ना, आणि ते माझे, रेडिओच्या दिवसांतले. पायऱ्या मोजत चढलो. चोपन्न. प्रत्येक वळणावर खिडकी. बाईंनी दार उघडलं, हेडफोन टेबलावर नीट गुंडाळून ठेवले होते. चहा केला. साध्या, थकलेल्या बाई. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

मी भावाचं विचारलं.

"बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "या टेबलावरच खेळत होतो. मध्येच उठला. बूट हातात घेऊन म्हणाला, उरलेलं उद्या. जिना उतरल्याची पावलं मी ऐकली. फाटकाचा आवाज आला नाही. अजून नाही आला. म्हणून मी येईल त्याला विचारते, बरोबर न्याल का."

"आणि सगळे एकटेच जातात?"

"सगळ्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं हो."

निघताना त्यांनी भाच्याचा नकाशा माझ्या हातात दिला. ज्याचा डाव त्याचा कागद, अशी त्यांची रीत. चौथ्या खोलीच्या मधोमध एक ठिपका होता. भाच्याचा नव्हे, भाच्याचा दाराबाहेर होता. हा त्या खुर्चीवरच्या माणसाचा. आणि दार उघडं काढलेलं, नकाशात काढतात तसं, पाव वर्तुळाची रेघ देऊन. मी म्हटलं, हे उघडं कसं? त्या म्हणाल्या, "दार लावलं असं ते म्हणाले कुठे? आजवरच्या सगळ्यांनी आठवणीने लावून घेतलं होतं. हे घाईत विसरले."

भाच्याला तो कागद घरात नको होता. लहान मूल आहे. म्हणून माझ्या या खणात आहे. थांब, काढतो. ठिपका मी तेव्हा मोजून ठेवला होता. दारापासून अकरा चौकोन.

घे, तू मोज. तुझे डोळे तरुण आहेत. उजेडात धर… मोठ्याने मोज…

किती?

पुन्हा मोज.

… चार.

परवा सहा होते. मी हात लावलेला नाही, आणि खणाची किल्ली माझ्या कमरेलाच असते, नातीला विचारा. बाई तिकडे बारा वर्षं फाटकाला कान लावून बसल्यात, आणि त्यांचा भाऊ बिचारा निघालाय तो या कागदावरून, माझ्या घरात. उद्या उजाडलं की नेऊन देणार आहे मी त्यांना. आता फासे काढा परत आणि आपली चारही माणसं भुयारातून बाहेर आणा. चार चौकोन सकाळपर्यंत पुरायला हवेत.